जिनं मोडली तिची गाडी

अप्पांच्या मागे माझ्या वाट्याला जी गाडी आली ती मोडलेली होती, आणि ती मोडली होती मीच. त्यामुळे वारसा मिळाला म्हणून खूश व्हावं की शिक्षा झाली म्हणून गप्प बसावं, हे मला त्या वयात पुष्कळ दिवस ठरवता आलं नाही. आता साठी उलटल्यावर तोच प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला आहे. परवा माझा पुतण्या त्याच्या एका मित्राला घेऊन मळ्यात आला. मित्राने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, उभं राहून, वाकून, शेवटी जमिनीवर पालथं पडूनसुद्धा मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, "मावशी, क्लासिक आहे ही, क्लासिक! तुम्ही फक्त हो म्हणा, शोरूममधून आणल्यासारखी करून देतो." इतक्या वर्षांत ह्या गाडीला घरातल्यांनी जी जी नावं ठेवली त्यात हे नाव नव्हतं. गाडी माझी, तेव्हा हो किंवा नाही मीच म्हणायचं. तोंडी सांगायला गेले तर पुतण्या मध्येच मोबाइल बघेल, म्हणून लिहून देते आहे.

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. आता चहूबाजूंनी इमारती आल्या आहेत, तेव्हा ओट्यावर उभं राहिलं की फुलांच्या पट्ट्यांशिवाय काही दिसत नसे. शेवंती, झेंडू, निशिगंध आणि कडेला आईची कोथिंबीर. घरात आम्ही चौघं, अप्पा, आई, माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा आणि मी. पाचवी गंगूआत्या, अप्पांची थोरली बहीण. ती राहायची रस्त्यापलीकडे, पण आमच्या घरातली फोडणी करपली तर आईच्या आधी तिला कळायचं. आणि सहावी ही अँबॅसिडर. निवृत्त होऊन मुलाकडे निघालेल्या एका डॉक्टरांकडून अप्पांनी ती घेतली होती. मूळचा रंग दुधाचा, पण आमच्याकडे येऊन त्याचा चहा झाला होता. पहाटे अप्पा सेल्फ मारायचे तेव्हा ती आधी खाकरायची, मग कुंथायची आणि मग सगळ्या वस्तीला उठवून चालू व्हायची. डिकीत आणि मागच्या सीटवर शेवंतीचे भारे, अप्पांच्या शेजारी गुलाबांची पाटी. आई कधी बाजाराला किंवा श्रावणात त्र्यंबकला निघाली तरी तिची जागा मागेच, दोन भाऱ्यांच्या मध्ये. पुढे बसू का, असं तिने एकदा विचारलं होतं. "गुलाब चेपत्यात," अप्पा म्हणाले. बायको चेपत नाही, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

बाजार आटोपून अप्पा परत यायचे ते किटलीत मिसळीची तर्री घेऊन. गाडीचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला की आई कढई चढवायची आणि कुरडया तळायची. वाटीत गरम कुरडई चुरायची, वर तर्री ओतायची, लिंबू पिळायचं आणि ती मऊ पडायच्या आत खायची. हे खाताना कुणीही बोलत नसे, फक्त कुरकुर आवाज आणि नाक ओढल्याचे आवाज. कुरडया अर्थात आईच्या. चैत्र लागला की ती गहू भिजत घालायची, तीन दिवस पाणी बदलायची, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायची, आणि घरभर तो आंबूस वास सुटायचा. शिजवलेला चीक सोऱ्यात भरून ती खाटेवरच्या धोतरावर कुरडया घालायची, एका मापाच्या, एका हाताच्या. वस्तीत कुणाचं लग्न निघालं की आधी आईकडे कुरडयांचा निरोप यायचा. आई मुळात फार बोलणारी नव्हती. कुणी कुरडयांची स्तुती केली तर "बरं" म्हणायची, एवढाच तिचा गर्व.

आता दसरा. आम्हा फुलवाल्यांचा तो वर्षाचा दिवस. पहाटेपर्यंत झेंडू बाजारात गेलेला असायचा आणि उरलेल्याची कमरेएवढी रास अंगणात पडलेली असायची. गाडी धुवायची, हळदकुंकू लावायचं, नाकावर माळ घालायची, नारळ फोडायचा आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं. मग घरातल्या एकाने गाडी हातभर पुढे घेऊन लिंबं चिरडायची, की वर्षभराची इडापिडा टळली. हा मान आजवर अप्पांचा, एकदा दादाचा. त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि तीन आठवडे पडीक रानात अप्पांकडून गाडी शिकत होते. अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "औंदा शैली गाडी काढंल." दादाचं तोंड उतरलं. मी ओढणी कमरेला बांधून आत बसले.

अप्पांनी सांगितलं होतं, क्लच हळू सोडायचा आणि लगेच ब्रेक दाबायचा. क्लच मी अगदी हळू सोडला. मग ब्रेक समजून शेजारचं पेडल दाबलं, आणि गाडी थांबत नाही हे बघून ते अजून जोरात दाबलं. समोर अप्पा उभे होते, ते मागे सरकता सरकता झेंडूच्या राशीत बसले. मी कशीबशी रास चुकवली, आरतीचं ताट घेतलेली गंगूआत्या त्या वयात ओट्यावर चढली, आणि गाडी म्हशीच्या सिमेंटच्या हौदावर जाऊन आदळली. म्हैस तेवढी शहाणी, ती आधीच बाजूला झाली होती. गाडीचं नाक आत गेलं, नंबराची पाटी उडाली, रेडिएटरचं पाणी आणि हौदाचं पाणी एकात एक वाहू लागलं. मी एका पायाने क्लच आणि दुसऱ्याने अॅक्सिलरेटर दाबून डोळे मिटून बसले होते, ते इंजिन मोठ्याने ओरडून, खडखडून स्वतःहून बंद पडेपर्यंत.

अप्पा राशीतून उठून आले. डोक्यात, कॉलरमध्ये झेंडू. त्यांनी एकदा मला हातपाय हलवायला लावलं, मग गाडी आधी उभी होती तिथे मागे वळून बघितलं. "लिंबं फुटली का रं?"

"चारी फुटली," दादा म्हणाला.

"मंग झालं," म्हणून अप्पा पूजेचं सामान आवरायला लागले.

ह्यापुढे त्यांनी त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही, आणि तेच मला झोंबलं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. मी जाहीर केलं की आता जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही. अप्पा "बरं" म्हणाले. गाडी ढकलून पत्र्याच्या शेडमध्ये लावली. दुरुस्तीचं ते ह्या सुगीला करू, त्या सुगीला करू म्हणत राहिले, फुलं भाड्याच्या रिक्षाने जायला लागली, आणि संध्याकाळी अप्पा त्या बंद गाडीत बसून पेपर वाचायला लागले. मी त्या बाजूने जातसुद्धा नसे. माझ्या हिशेबी ते तिथे बसून माझ्यावर रागावत होते.

पुढल्या वर्षीच्या पौषात अप्पा गेले. सकाळी शेवंती तोडताना बसले ते उठलेच नाहीत. त्याबद्दल जास्त लिहायची ताकद नाही. चौदाव्याच्या पंगतीत बायकांना वाढून झाल्यावर गंगूआत्याने हात वर केला आणि म्हणाली, "घर-रानाचं तुमचं तुमी बघा. पर गाडीचं त्यो मला सांगून गेलाय. म्हनला, जिनं मोडली तिची." दोघी-तिघींना ठसका लागला. सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली आणि मी पत्रावळीतला भात एका बाजूने दुसऱ्या बाजूला करत राहिले. अप्पांच्या तोंडून आलेला तो शेवटचा निरोप होता आणि मला त्याचा एकच अर्थ लागला, की मोडली आहेस तर आता नीट कर. दुसऱ्या दिवसापासून मी तोच ध्यास घेतला. गाडी होती तशी झाली की अप्पांचा राग गेला, असं मी मनाशी पक्कं केलं. अप्पा आता रागवायला नव्हते, ही गोष्ट मी विचारात घेतली नाही.

दादाचं म्हणणं वेगळं. त्याने फुलांसाठी जुना टेंपो घेतला होता आणि त्याला शेड हवी होती. "आखाजीपर्यंत ठरव शैले," तो म्हणाला. "न्हाईतर भंगारवाला बोलावतो. आपलं रान हाय, गाड्यांचं स्मशान न्हाई." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हातात जेमतेम दोन महिने. मी इस्माईल मिस्त्रींना गाठलं. ते मूळचे मालेगावचे, द्वारका चौकाजवळ त्यांचं गॅरेज, आणि आमच्या गाडीची नाडी त्यांनाच कळायची. ते आले, गाडीच्या चेपलेल्या नाकावरून हात फिरवला, जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ केलं. "बेटी, नाक तर ठोकून सरळ करेन. पर आत पंखा घुसलाय, इंजन जाम है. दरवाजा खोल, बोनेटचा खटका आत आहे. चावी कुठंय?"

चावी नव्हती. खुंटीवर नव्हती, अप्पांच्या कोटात नव्हती, देव्हाऱ्यात नव्हती. मिस्त्री चैत्र सरताना परत येतो म्हणून गेले आणि आम्ही घर पालथं घातलं. आईनेही शोधली. पिठाचा डबा रिकामा करून शोधली, गाद्या झटकून शोधली. चावी तिच्याच कनवटीला होती, हे कळल्यावर मला तो पिठाचा डबा आठवला आणि आईकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली.

त्या चैत्रात आमच्या घरी कुरडया झाल्या नाहीत. म्हणजे आम्ही तसं समजत होतो. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत वाळवण घालायचं नाही, अशी आमच्यातली रीत, आणि गंगूआत्या ती रीत रस्त्यापलीकडून डोळ्यांत तेल घालून राखत होती. अशा घराला शेजारपाजारचे देतात. तशा कुठून कुठून कुरडयांच्या पिशव्या आल्या. आईने प्रत्येकीतली एक तळून खाल्ली, "चांगल्या हायेत" म्हणाली आणि पिशव्या म्हशीपुढे रिकाम्या केल्या. मग शेडच्या बाजूने वास येऊ लागला. आंबूस, ओलसर, दुपारी उन्हाच्या वेळी जास्त. गाडीच्या खिडक्यांना डॉक्टरांच्या वेळचे पडदे होते, ते रस्त्याच्या बाजूने ओढलेले दिसायचे. गंगूआत्येला दोन वेळा आत काही हलल्याचा भास झाला. तिने निदान केलं की अप्पांचा जीव गाडीत अडकला आहे, आणि ती रोज बंपरपाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवू लागली. तो म्हैस खायची. आई हे सगळं बघायची आणि पदर तोंडाला लावायची. दादाला वाटलं तिला रडू येतं. त्याने मला बाजूला घेऊन डोळे पुसत सांगितलं, "आईला ती गाडी डोळ्यांसमोर नको वाटती. तुला कसं कळत न्हाई?" तेव्हा माझेही डोळे भरून आले. इतकी मूर्ख भावंडं तालुक्यात दुसरी नसतील.

आखाजीच्या दोन दिवस आधी मिस्त्री टोचनचा दोर घेऊन आले. मी गाडी त्यांच्या गॅरेजवर पाठवायचं ठरवलं होतं, चावी असो-नसो. दादा होता, आत्या तर होतीच. आई कधी नव्हे ती धावत आली आणि दारापुढे उभी राहिली. "आज अमावास्या हाय."

"अमावास्या काल झाली, सखू," आत्या म्हणाली.

"मंग कुलूप मोडू नका. अपशकुन व्हतो."

"मोडत नाय भाभी," मिस्त्री म्हणाले आणि खिशातली तार काचेच्या फटीतून सरकवून, तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी दार उघडलं.

आतून तापलेल्या हवेचा लोट आला. मागच्या सीटवर, पुढच्या अर्ध्या सीटवर, मागच्या काचेखालच्या फळीवर अप्पांची धोतरं अंथरलेली आणि त्यावर कुरडया, पांढऱ्याशुभ्र, एका मापाच्या, एका हाताच्या. डॅशबोर्डवर सांडग्यांची रांग. आणि स्टिअरिंगच्या चाकावर, आरशाला, गिअरच्या दांडीला शेवया वाळत टाकलेल्या. मिस्त्रींनी दार धरलेला हात खाली घेतला नाही. मग गंगूआत्येने हंबरडा फोडला. "वर्षाच्या आत वाळवण! सखू, अगं लोक काय म्हनतील?"

"लोकांना दिसू नये म्हनून तर पडदे लावलेत," आई म्हणाली.

"पर का गं बाई, का?"

आईने कनवटीची चावी काढून हातात धरली. एवढं लांब बोलताना मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं. "मंग काय करू वन्सं? मानूस गेलं, माझं हात न्हाई गेलं. पहाटं जाग येती. कुनाचा हॉर्न न्हाई, कुनासाठी कढई न्हाई. चैत्रात हात नुसतं मांडीवं ठिवून कसं बसायचं? हितं धूळ न्हाई, कावळा न्हाई, दोन दिसात खडखडीत वाळत्यात. मी पुढच्या शीटवं बसती, राखन करती. चालती व्हती तवा ह्या गाडीत मला कवा पुढं बसाया मिळालं?"

आत्या तिथेच बसली. तिने पदराने डोळे पुसले, मग खाली पडलेला कुरडईचा एक तुकडा उचलून बघितला, तोंडात टाकला. "मीठ बेतानं झालंय," ती म्हणाली, आणि रीतीचा विषय तिथे संपला.

मिस्त्री मात्र कामाचा माणूस. बोनेटचा खटका ओढण्यासाठी त्यांनी पुढच्या सीटवरचं धोतर चार कोपरे धरून अलगद उचललं, आईकडे दिलं आणि सीटखाली हात घातला. खटक्याऐवजी त्यांच्या हाताला पत्रा लागला. तो आमच्याच गाडीचा पुढचा नंबर होता, दसऱ्याला उडालेला, ठोकून सरळ केलेला. त्याची मागची बाजू पांढरी रंगवली होती आणि त्यावर लाल रंगात मोठा एल काढला होता, शिकाऊ गाडीला लावतात तसा. एल उलटा होता. अप्पांना इंग्रजी येत नसे. ते अक्षर त्यांनी आयुष्यभर फक्त आरशात बघितलं होतं, मागून येणाऱ्या शिकाऊ गाड्यांच्या नाकावर.

"हे कुणी केलं?" मी विचारलं, जणू उत्तर मला माहीत नव्हतं.

"त्यांनी," आई म्हणाली. "दसऱ्यानंतर आठ दिसांत. मी म्हनलं, द्या पोरीला. तर म्हनले, तिचा राग उतरू दे, आपनहून मागंल तवा दीन. तू मागितलं न्हाईस."

म्हणजे वर्षभर मी ते माझ्यावर रागावलेत म्हणून शेडकडे फिरकले नाही, आणि ते मी रागावले आहे म्हणून त्या गाडीत माझी वाट बघत बसले होते, सीटखाली पाटी ठेवून. मी तिथेच, शेडमध्ये, सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. इतकी वर्षं झाली, अजूनही शेवंती तोडायच्या दिवसांत ते आठवलं की मला वाटतं, एकदा नुसतं विचारायला हवं होतं. तोंड उघडायला काही पैसे पडत नव्हते. आमच्या घरात बोलायचं काम सगळं आत्येवर टाकलेलं होतं, त्याचं हे फळ.

मिस्त्री हळूच म्हणाले, "बोल बेटी. दोर बांधू? गाडी होऊन जाईल. पर दो-तीन महिने माझ्याकडं राहील."

सगळे पुन्हा माझ्याकडे बघू लागले, पंगतीत बघितलं तसेच. आई धोतर दोन्ही हातांनी धरून उभी होती, मधल्या कुरडया अजून ओल्या होत्या. मी हो म्हटलं असतं तर तिने मुकाट्याने सगळं उतरवून घेतलं असतं, मागच्या सीटवर बसायला सांगितल्यावर बसायची तशी. आणि माझ्या लक्षात आलं की गाडी होती तशी करायची ती अप्पांचा राग काढायला, आणि तो राग तर ह्या पत्र्याच्या पाठीमागे कुठेच नव्हता. "राहू द्या मिस्त्री," मी म्हणाले. "दार लावून घ्या. शेवया गळतील."

"सही बात," मिस्त्री म्हणाले. "हिला काम मिळालंय." दोर गुंडाळून ते गेले ते कागदात बांधलेल्या कुरडया घेऊन, आणि त्यानंतर दर वैशाखात काही ना काही निमित्त काढून गाडीची तब्येत बघायला यायचे. पुतण्याच्या मित्रालाही माझं तेच उत्तर आहे.

राहिला दादा. "आनि माझा टेंपो?" त्याने विचारलं.

"कडुलिंबाखाली लाव," मी म्हणाले. "आणि उद्यापासून मला त्याच्यावर शिकव." मी हातातली पाटी त्याला दाखवली. त्याने आधी पाटीकडे, मग अंगणातल्या टेंपोच्या नुकत्याच रंगवलेल्या नाकाकडे आणि मग हौदाकडे बघितलं. पण शब्द अप्पांचा होता, भलेही उलटा.

त्या वर्षीच्या दसऱ्याला अप्पांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. सण करायचा नाही, असं आत्येने बजावलं. आई म्हणाली, "लिंबाला सुतक नसतं," आणि स्वतः चार लिंबं टेंपोच्या चाकांखाली ठेवून आली. मागे झेंडूचे क्रेट रचलेले, बाजाराची शेवटची खेप. पुढे अप्पांची पाटी सुतळीने बांधलेली. आत्या ह्या वेळी आधीच ओट्यावर उभी होती. म्हशीला दादाने पार विहिरीकडे बांधून ठेवलं होतं आणि स्वतः हौदापुढे हात पसरून उभा होता, तो टेंपो अडवण्यासाठी की हौद वाचवण्यासाठी, कुणास ठाऊक. मी सेल्फ मारला. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि आई पदर खोचून वर चढली. कुणाला काही न विचारता ती माझ्या शेजारी, पुढे बसली.

क्लच मी हळू सोडला. चाकांखाली एकामागून एक चार आवाज झाले. मग मी ब्रेक दाबला, ह्या खेपेला ब्रेकच, आणि टेंपो दादापासून वीतभर अंतरावर थांबला. दादाने डोळे उघडले. मी आईकडे बघितलं, ती आता रडेल किंवा पाठीवर हात फिरवेल असं मला वाटलं.

आई समोर बघत होती. "थांबलीस कशाला?" ती म्हणाली. "चल. बाजार उठंल."